आघाड्याचा गुण पानात किती आणि राखेत किती

पाऊस ओसरला की बांधावरून नुसतं चालून आलं तरी साडीच्या काठाला आणि पायमोज्यांना बारीक टोकदार दाणे चिकटतात आणि मग ते एकेक करून उपटत बसावं लागतं. हे दाणे आघाड्याचे. श्रावणात जिवतीच्या माळेत, मंगळागौरीच्या आणि गणपतीच्या पत्रीत हाच आघाडा मानाने बसतो. ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासतात. एरवी वर्षभर मात्र तो तण म्हणून उपटून फेकला जातो.

औषध म्हणूनही त्याचं नाव सतत कानावर येतं. मूळव्याध, दातदुखी, खोकला, कानातला आवाज, विंचवाचा दंश, अशी यादी लांबत जाते. यातलं किती खरं, असं विचारलं की एक जण म्हणतो सगळं खरं, दुसरा म्हणतो सगळं थोतांड. मला यातलं एकही उत्तर पटत नाही. आघाड्याच्या औषधाचा सगळ्यात भक्कम भाग पानात किंवा मुळात नाही, त्याच्या राखेत आहे. राखेपासून औषध करायची रीत एकदा नीट समजली की बाकीचे दावेही आपले आपल्याला पारखता येतात.

आधी झाड ओळखू. शास्त्रीय नाव अकिरँथिस अस्पेरा, कूळ राजगिऱ्याचं. म्हणजे माठ, राजगिरा, कुर्डू यांच्यातलंच हे. साधारण कमरेएवढं वाढतं, पेरं फुगीर असतात, पानं समोरासमोर येतात आणि कधी कधी खोडावर जांभळट झाक असते. खरी ओळख तुऱ्याची. शेंड्याला एक लांब दांडा निघतो आणि त्यावर हिरवट फुलं येतात. टोकाकडच्या कळ्या वर तोंड करून असतात, उमललेली फुलं आडवी होतात आणि फळ धरलं की ती पार खाली वळून दांड्याला चिकटतात. म्हणून पिकलेल्या तुऱ्यावरून बोट वरून खाली फिरवलं तर फारसं टोचत नाही, खालून वर नेलं की लगेच टोचतं आणि दोन-चार दाणे बोटाला लागून निघून येतात. प्रत्येक फळाला बाहेरून टोकदार कुसं असतात. गुरांच्या केसांत, माणसांच्या कपड्यांत अडकून ती गावभर फिरतात, त्यामुळे आघाडा कोणी पेरावा लागत नाही. फळ तळहातावर चोळलं की आतून बारीक दाणा निघतो. याला वैद्य ‘आघाड्याचे तांदूळ’ म्हणतात.

संस्कृतात हा अपामार्ग. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात १७ ते १९ ही तीन सूक्तं त्याला उद्देशून आहेत. भुकेने येणारं मरण, तहानेने येणारं मरण, मूल नसणं हे सगळं तू पुसून टाक, अशी त्यात वनस्पतीला विनवणी आहे. पुढे चरकसंहितेत सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच ‘अपामार्गतण्डुलीय’ या नावाने ओळखला जातो, कारण तो या बियांपासून सुरू होतो. डोकं जड होणं, सर्दी साचणं यावर नाकातून द्यायच्या औषधांत पहिलं नाव याच तांदळांचं आहे. त्याच अध्यायात पेजांची एक मोठी यादी येते. कोणत्या तक्रारीला कोणती पेज, असा तो भाग आहे. त्यात भूक मारणारी म्हणून एक पेज सांगितली आहे, आघाड्याचे तांदूळ, दूध आणि घोरपडीच्या मांसाचा रस घालून केलेली. वेदातली प्रार्थना आणि वैद्याची पेज, दोन्हीकडे आघाडा आणि भूक ही जोडी यावी हे मला फार विलक्षण वाटतं. वजन कमी करायला आघाड्याच्या बियांची खीर खा, असे जे संदेश आज फिरतात त्यांचं मूळ इथेच कुठेतरी असावं. पण चरकाने ती पेज न शमणाऱ्या भुकेसाठी सांगितली. जेवण टाळून तीवर दिवस काढणं हा त्याचा अर्थ नाही, आणि तसं करून पाहूही नये.

आता राखेकडे येऊ. झाड वाढताना मुळांवाटे जमिनीतलं पोटॅशियम ओढून घेतं, आणि राजगिऱ्याच्या कुळातली झाडं ते जरा जास्तच साठवतात. झाड वाळवून जाळलं की त्याचा बहुतेक भाग वायू होऊन उडून जातो. मागे राहते ती राख, आणि तिच्यात पोटॅशियम असतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपात. हे पाण्यात विरघळतं. राखेतले चुन्याचे आणि वाळूसारखे भाग विरघळत नाहीत, तळाशी बसतात. तेव्हा राख पाण्यात कालवली, गाळली आणि ते पाणी आटवलं की हातात येतो तो क्षार. राखेने भांडी का निघतात, पूर्वी कपडे राखेच्या पाण्यात का भिजवत, याचं कारणही हेच. अल्कलीने, म्हणजे अशा क्षाराने, तेल-तूप सुटतं.

वैद्यांची रीत अशी. बी धरलेलं पक्व झाड मुळासकट घ्यायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि जाळून पांढरट राख करायची. राखेच्या सहापट पाणी घालून ती नीट ढवळायची आणि निवू द्यायची. मग वरचं पाणी कापडातून पुन्हा पुन्हा गाळायचं. ग्रंथात एकवीस वेळा गाळायला सांगितलं आहे, आणि त्यात मुद्दा पाणी स्वच्छ होण्याचा आहे. हे पाणी मंद आचेवर आटवलं की कढईच्या तळाशी मळकट पांढरी पूड उरते. ती लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी लागते, नाहीतर हवेतली ओल शोषून ओली होते. एवढ्या मोठ्या भाऱ्यातून निघालेली पूड पाहिली की पहिल्यांदा करणारा हिरमुसतो, इतकी ती थोडी असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. झाड जळलं की त्याच्या पानातली, बियांतली फेस आणणारी सॅपोनिनं आणि बाकीची सेंद्रिय द्रव्यं सगळी जळून जातात. क्षारात राहतो तो फक्त खनिज भाग. म्हणजे आघाड्याचा काढा आणि आघाड्याचा क्षार ही एकाच झाडाची दोन अगदी वेगळी औषधं आहेत, आणि एकाचा गुण दुसऱ्याला लावता येत नाही. सुश्रुताला हे अनुभवाने ठाऊक असणार. त्याच्या सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षार करण्यावरच आहे, आणि त्यात पहिला मान आघाड्याला नसून मोखा नावाच्या झाडाला आहे. त्याच्याबरोबर कुडा, पळस आणि अशा बऱ्याच झाडांची नावं येतात आणि त्यांत अपामार्गही आहे. काम अल्कलीचं आहे, मग ती कोणत्या झाडातून आली याला दुय्यम महत्त्व. आघाडा पुढे आला त्याचं एक मोठं कारण म्हणजे तो फुकट आणि सगळीकडे मिळतो. मोख्यासाठी रान धुंडाळावं लागतं.

सुश्रुताचा क्षार तीन प्रतीचा आहे: मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण. नुसतं क्षारजल आटवलं की मृदू. मध्यम करताना शंख, शिंपले असे पदार्थ लालभडक तापवून त्या पाण्यात विझवायचे. आजच्या रसायनशास्त्राने पाहिलं तर यात फार सुंदर गोष्ट घडते. शिंपला तापला की त्याचा चुना होतो. चुना पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात पडला की खडूसारखा साका तळाशी बसतो आणि पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं. म्हणजे सौम्य अल्कलीची दाहक अल्कली झाली, मांस विरघळवणारी. हायड्रॉक्साइड हा शब्द नसताना ही वाट कोणीतरी शोधून काढली, आणि कोणत्या दुखण्याला कोणती प्रत लावायची हेही ठरवून ठेवलं.

मूळव्याधीच्या कोंबावर हा क्षार लावायचा, मनात शंभर मोजायचे, मग पुसून त्यावर कांजी किंवा आंबट ताकाची निवळ अशा आंबट द्रवाचं सिंचन करायचं. जागा पिकलेल्या जांभळासारखी काळपट झाली की नीट जळली असं समजायचं. आणि मग सुश्रुत स्वतःच प्रश्न उभा करतो: आंबट पदार्थ हाही उष्ण, मग आगीसारख्या क्षाराला तो शांत कसा करतो? त्याचं उत्तर रसांच्या भाषेत आहे. क्षारात आंबट सोडून बाकीचे रस आहेत, आंबट मिसळलं की खारटपणा आपला तीक्ष्णपणा सोडतो आणि गोड होतो. आपण याला आम्ल आणि अल्कली यांचं उदासिनीकरण म्हणतो आणि ते सातवी-आठवीच्या प्रयोगशाळेत लिटमस कागदावर बघतो. भाषा वेगळी असली तरी निरीक्षण तेच आहे.

एवढं वाचून कोणी घरी क्षार लावायला जाऊ नये, हे कळकळीने सांगतो. अल्कलीने झालेली भाजल्याची जखम आम्लापेक्षा खोल जाते, कारण ती वरच्या थरात न थांबता मांस विरघळवत आत शिरते. चुकून अंगावर किंवा डोळ्यात गेलीच तर आज सांगितला जाणारा उपाय एकच: भरपूर स्वच्छ वाहतं पाणी, बराच वेळ, आणि लगेच डॉक्टर. आंबट काही ओतत बसू नये.

याच क्षाराचा सगळ्यात नामांकित उपयोग म्हणजे क्षारसूत्र, आणि त्यासाठी भगंदर म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागेल. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला छोट्या ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, पिकते, गळू होतं. तो पू वाट काढत काढत बाहेर कातडीपर्यंत येतो आणि आतून बाहेर एक भुयार तयार होतं. बाहेरचं तोंड कधी बुजतं, पुन्हा फुटतं, पू येतो, कपडे खराब होतात. माणूस वर्षानुवर्षं हे दुखणं लपवत राहतो. भुयार उघडून टाकलं तर ते भरून येतं, पण अडचण अशी की ते बऱ्याचदा शौच रोखून धरणाऱ्या स्नायूतून जातं. स्नायू जास्त कापला गेला तर शौचावरचा ताबा जाण्याची भीती. कापलं नाही तर भुयार राहतं.

यावर दोरा ओवायची युक्ती फार जुनी. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या लिखाणात घोड्याचा केस आणि सुताचा दोरा वापरल्याचं वर्णन आहे, आणि आजचे शल्यविशारदही भुयारात दोरा ठेवतात. भारतीय युक्तीत वेगळं ते दोऱ्यावरचं औषध. सुश्रुताने नाडीव्रणासाठी, म्हणजे आत भुयार झालेल्या जखमेसाठी, क्षाराचा दोरा सांगितला, अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताने स्नुहीचा, म्हणजे कुंपणाला लावतात त्या चिकाच्या निवडुंगाचा, चीक आणि हळद लावलेल्या दोऱ्याचं वर्णन केलं. नंतर ही विद्या मागे पडली. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा हातात घेतली, दोरा ठरावीक पद्धतीने बनवायला सुरुवात केली आणि रुग्णांवर वापरून नोंदी ठेवल्या.

हा दोरा बनताना पाहण्यासारखा असतो. २० नंबरचा लिननचा दोरा चौकटीवर ताणून बांधतात. त्यावर स्नुहीचा ताजा चीक बोटाने सगळीकडे सारखा फिरवतात आणि चौकट बंद कपाटात वाळायला ठेवतात. असे नुसत्या चिकाचे ११ थर होतात. नंतरचे ७ थर द्यायचे ते आधी चीक लावून त्यावर आघाड्याच्या क्षाराची पूड. शेवटचे ३ थर चीक आणि हळदीचे. एकूण २१. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही, त्यामुळे एका चौकटीला आठवडे लागतात. चीक चिकटून धरतो आणि स्वतःही तिखट असतो, क्षार हळूहळू मांस कापतो, हळद जखम चिघळू देत नाही अशी ही विभागणी. पावसाळी हवेत क्षार ओल धरतो, थर सुटतात, म्हणून चांगलं क्षारसूत्र बनवणाऱ्याचा हात सगळ्यांनाच साधत नाही.

हा दोरा भुयारातून ओवून सैलसर गाठ मारतात आणि साधारण दर आठवड्याला बदलतात, जुन्याला नवा बांधून ओढून घेतात. दर खेपेला दोरा थोडा आखूड झालेला असतो, तेवढं भुयार कापलं गेलं आणि मागून भरलंही. साधारण आठवड्याला एक सेंटिमीटरच्या आसपास. एकाच वेळी स्नायू तोडण्याऐवजी तो इतका सावकाश कापायचा की मागचा भाग जुळत जावा, ही सगळी मेख आहे. दुखतं, विशेषतः दोरा बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस. पण माणूस घरी असतो, चालतो-फिरतो, कामही करतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने याची बहुकेंद्री तुलनात्मक चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्र घेतलेल्यांची जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रिया झालेल्यांना सुमारे ४. मात्र दुखणं उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होतं. पारंपरिक औषधाला कसोटी लावायची कशी, याचा हा चांगला नमुना मला वाटतो: दोन गट केले, मोजलं, जिथे कमी पडलं तेही लिहिलं. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धती आल्या आहेत, त्यामुळे आज कोणासाठी काय योग्य हे तपासूनच ठरवावं लागतं. भुयाराला फाटे असतील, ते फार वर चढलं असेल, मागे क्षयरोग किंवा आतड्याचा क्रोन आजार असेल तर आधी एमआरआय आणि बाकीच्या तपासण्या हव्यातच. पात्र वैद्याकडे किंवा सर्जनकडे जायचं. ‘मूळव्याध, भगंदर एका दिवसात’ अशी पाटी लावलेल्या गाळ्यात नाही.

आता दुसरं टोक. कोकणात आणि घाटावरही विंचू चावला की आघाड्याचं मूळ उगाळून लावतात, कोणी मूळ अंगावरून उतरवतात. आणि पुष्कळदा बरं वाटतं, हेही खरं. कारण बहुतेक विंचवांच्या दंशात भयंकर ठणका लागतो आणि काही तासांनी तो आपणहून उतरतो. मूळ लावलं नसतं तरी उतरला असता, पण श्रेय मुळाला जातं. अशा शंभर गोष्टी गावात साठतात आणि त्यातून खात्री तयार होते. कोणी खोटं बोलत नसतं.

धोका लाल विंचवाचा. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. दंशाच्या जागी कधी फारसं दुखतही नाही, पण दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि मग हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून असे रुग्ण बघितले, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्या लोंढ्याचा मारा रोखते हे १९८० च्या दशकात दाखवून दिलं. गंभीर रुग्णांत जिथे ३० ते ४० टक्के माणसं दगावत, तिथे हे प्रमाण अगदी थोड्यावर आलं. या कामासाठी २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही मिळतं. अशा वेळी मूळ शोधत बांधावर फिरण्यात जो तास जातो तोच तास मोलाचा असतो. मूळ हातात असेल तर लावा, मनाला धीर येतो, पण गाडीत बसून लावा.

बाकीचे उपयोग थोडक्यात. काडी चावून दात घासणं चांगलं. हिरड्यांना चोळ मिळतो आणि सॅपोनिनमुळे थोडा फेसही येतो. मात्र किडलेला दात त्याने बरा होत नाही. अपामार्ग क्षार तेल कानातल्या आवाजावर वापरतात, पण कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते आत उतरेल, म्हणून कान तपासल्याशिवाय थेंबही घालू नये. गरोदर बाईने आघाडा औषध म्हणून कोणत्याही रूपात घेऊ नये. गर्भ पाडण्यासाठी त्याचा वापर लोकपरंपरेत आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांतही गर्भ न राहण्याचे परिणाम दिसले आहेत. बाळंतपण सोपं व्हावं म्हणून मूळ केसांत किंवा कमरेला बांधतात, तो नुसता विधी असेल तोवर ठीक, पोटात देणं नाही. आणि क्षार म्हणजे पोटॅशियम, हे आता आपल्याला माहीत आहे. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुतखड्यावर म्हणून क्षाराची पुडी आणून देणाऱ्याने हे एक आधी विचारावं: क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, किती आहे?

गरोदरपण किंवा मूत्रपिंडाची तक्रार नसेल तर कोवळ्या पानांची भाजी मात्र निर्धास्त करावी. जून-जुलैत, तुरा यायच्या आधी, शेंड्याची पानं खुडायची. रस्त्याकडेची आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची घ्यायची नाहीत. धुऊन चिरून थोडी वाफवून पाणी काढून टाकायचं, तेलात लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतून भिजवलेली मूगडाळ घालायची, डाळ शिजत आली की भाजी. चव माठाकडे झुकणारी, किंचित तुरट. भाकरीबरोबर चांगली लागते. तुरा आला की पानं राठ होतात, मग ती पत्रीला ठेवावीत.